हरवलेले वजाचे चिन्ह आणि मी

जुना म्हणाल तर मी जुना आहेच, मित्रांनो. एके काळी पांढरे असलेले माझे अंग आता पिवळट पडले आहे. सुरू होताना मी आधी खाकरतो, मग घरघरतो, आणि मग कुठे माझ्या काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकू लागते. माझ्यात चित्रे नाहीत, गाणी नाहीत, माऊससुद्धा नाही. मला काही सांगायचे तर ते अक्षर अक्षर टाइप करूनच सांगावे लागते. हे सगळे मला मान्य आहे. पण ‘जुना’ आणि ‘निकामी’ हे दोन शब्द लोक एका दमात उच्चारतात, ते मला मुळीच मान्य नाही. का मान्य नाही, ते आज सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबत माझ्यासारखीच दिसणारी चाळीस भावंडे होती. कुणी बँकेत गेले, कुणी दवाखान्यात. मला एका ट्रकने अंध मुलांच्या शाळेच्या दारात उतरवले. शाळेच्या मागच्या बाजूला दोन खिडक्यांची एक लांबट खोली होती. तिथे जाड कागदावर ठिपके उमटवणारे एक अवजड यंत्र आधीच येऊन बसले होते. ते चालू झाले की टेबलावरचे पेले थरथरत. सगळे त्याला ठोक्या म्हणत. ठोक्याच्या अंगात जोर होता, पण कुठला ठिपका कुठे मारायचा हे त्याला कुणीतरी सांगावे लागे. ते सांगण्यासाठी मला आणले होते.

अडचण अशी, की ते मलाही येत नव्हते. छापलेल्या मजकुराचे ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांच्या लिपीत, रूपांतर करणारा प्रोग्रॅम आमच्या भाषेत मिळतच नव्हता. चार महिने माझ्यावर नुसती पत्रे टाइप झाली. ठोक्या कोपऱ्यात मुकाट बसून होता.

शाळेत एक टंकलेखिका होती. तिची नणंद जन्मापासून अंध आणि याच शाळेत शिकून मोठी झालेली. नणंदेला सगळे ताई म्हणत. टंकलेखिका तिच्या थोरल्या भावाची बायको, म्हणून ती झाली वहिनी. आणि एकदा ताईच्या तोंडून ऐकल्यावर सगळी शाळाच तिला वहिनी म्हणू लागली. ताई तेव्हा चोवीस वर्षांची होती. शाळेत हाताने ठिपके टोचून तयार केलेली अकरा पुस्तके होती. तीच तिने इतक्यांदा वाचली होती, की काही पानांवरचे ठिपके झिजून सपाट झाले होते.

एका दुपारी वहिनीने माझ्यासोबत आलेले खोके उघडले. त्यात विटेएवढे जाड पुस्तक आणि सहा फ्लॉप्या होत्या. तो होता कंपायलर. माणसाने लिहिलेल्या सूचना मला समजतील अशा आकड्यांत उतरवून देणारा दुभाषी म्हणा ना! कंपायलर नसेल तर माणूस बोलत राहील आणि मी ढिम्म बसेन. वहिनीला यातले ओ की ठो कळत नव्हते. तिने पहिले पान उघडले, जेवणाचा डबा बाजूला सारला आणि मला पहिली सूचना दिली. मी तिला पहिली चूक दाखवली.

पुढची दोन वर्षे रोज जेवणाच्या सुट्टीत हेच चालले. ती लिहायची, मी चुका काढायचो. मी चुका दाखवतो त्या दुष्टपणाने नव्हे, मित्रांनो. स्वल्पविराम विसरला तर मला खरोखरच पुढे जाता येत नाही. वहिनी माझ्यावर चिडायची, “तुझं घोडं कुठे अडलं आता?” म्हणायची, आणि पुन्हा लिहायची. शेवटी एका सकाळी ठोक्या धडधडू लागला आणि लांबच लांब घडीचा कागद बाहेर आला. ती एक छोटी गोष्ट होती. ताईने उभ्या उभ्या बोटे फिरवली. सातव्या ओळीवर ती थांबली.

“वहिनी, ही गोष्ट मला माहीत नाहीये.”

“नसणारच. नवीन आहे.”

“म्हणजे शेवटी काय होतं ते मला माहीत नाहीये!” असे म्हणून ताई तिथेच जमिनीवर बसली आणि संपेपर्यंत उठली नाही. त्या दिवसापासून ती आमची मुद्रितशोधक झाली. मी ठिपके ठरवायचे, ठोक्याने मारायचे आणि ताईने बोटांनी तपासायचे.

ती माझी भरभराटीची वर्षे होती. भाषेची पुस्तके, इतिहास, भूगोल, गोष्टी, चरित्रे. दुसऱ्या गावांच्या शाळांतूनही मागणी यायची. पाहुणे यायचे आणि माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, “केवढं काम करतो हा!” वहिनीकडे कुणी पाहत नसे. ती पाणी द्यायला उभी आहे असे त्यांना वाटे.

मग हळूहळू वारे फिरले. कचेरीत चपटे, चकचकीत संगणक आले. मुलांच्या हाती बोलणारे फोन आले. वहिनी निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात व्यवस्थापक साहेब म्हणाले, “बाईंनी तीस वर्षं मन लावून टायपिंग केलं.” बस्स, एवढेच. प्रोग्रॅमचा उल्लेखही नाही. वहिनीने नारिंगी फुलांचा गुच्छ माझ्या डोक्यावर ठेवला आणि ती निघून गेली, ती पुन्हा फिरकली नाही. गुच्छ वाळला. ताईच्या हाताला लागला तेव्हा तिने तो उचलला. मी मात्र चालतच राहिलो. मला कुणी बंदही करत नसे, कारण बंद केला तर हा पुन्हा उठेल की नाही अशी सगळ्यांना धास्ती होती. वीज गेली तरी शाळेची बॅटरी मला जागे ठेवी.

आता खऱ्या हकिकतीकडे येतो.

गणिताची पुस्तके आणि प्रश्नपत्रिका आमच्याकडे पूर्वीपासून हाताने टोचल्या जात. ते काम करणारे जुने सर शाळा सोडून गेले आणि यंदा पहिल्यांदाच गणिताचे काम माझ्याकडे आले. सहामाही परीक्षेचा गणिताचा पेपर मी आणि ठोक्याने काढला. घाई इतकी होती, की तो तपासायला ताईकडे आलाच नाही. तसाच वर्गात गेला. वर्गात नऊ मुले. त्यांतली सहा नापास झाली.

त्या सहांत एक मुलगी होती. प्रत्येक गोष्टीत वाद घालायची म्हणून तिचे नाव वकीलबाई पडले होते. निकाल लागला त्याच दिवशी ती प्रश्नपत्रिका छातीशी धरून आमच्या खोलीत आली.

“ताई, तिसरं गणित वाचा.”

ताईने बोट फिरवले. “दोनशे आठ भागिले चार.”

“उत्तर किती?”

“बावन्न.”

“मी बावन्नच लिहिलं. सरांनी चूक दिली. ते म्हणतात उत्तर तीन.”

ताईचे बोट थांबले. तिने मूळ छापील पेपर मागवला आणि शिपायाकडून मोठ्याने वाचून घेतला. कंसात वीस वजा आठ, भागिले चार. छापील कागदावर ‘वीस वजा’पाशी ओळ संपत होती आणि आठ पुढच्या ओळीवर गेला होता. माझ्यातून बाहेर पडताना कंस राहिला होता, पण वजाचे चिन्ह गायब होऊन वीस आणि आठ एकमेकांना चिकटले होते. दोनशे आठ! शिपाई वाचत गेला, तशी ताईने पुढची पाने चाचपली. जिथे जिथे ओळीच्या टोकाला वजाचे चिन्ह होते, तिथे तिथे ते गडप झाले होते. एकूण पाच ठिकाणी.

“म्हणजे मला गणित येतं,” वकीलबाई म्हणाली.

“तुला गणित येतं,” ताई म्हणाली. “चल माझ्याबरोबर.” पण त्यांना कुठे जावे लागले नाही, कारण शिपायाने आधीच वर्दी दिली होती आणि व्यवस्थापक साहेब दारात उभे होते.

साहेब मनाने वाईट नव्हते, हे सांगायला हवे. त्यांच्यामागे शंभर कामे होती आणि हे एकशेएकावे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

“हा डबा आता भ्रमिष्ट झालाय. मी कधीपासून म्हणतोय. पुढच्या सत्रापासून ठिपक्यांची छपाई बंद करू. आता सगळं ऐकायला मिळतं. जग कुठे गेलंय, ताई!”

भ्रमिष्ट! मित्रांनो, मला बोलता येत असते तर मी त्याच क्षणी सांगितले असते, की मला जे करायला सांगितले होते तेच मी केले. एका अक्षराचाही फरक केला नाही. पण माझ्या वतीने ताई बोलली.

“साहेब, कंसातला कंस, त्याच्यावर घात, खाली छेद, असं एक गणित मी तुम्हाला वाचून दाखवते. तुम्ही डोळे मिटा, कागद-पेन घेऊ नका, आणि सोडवून दाखवा.”

साहेबांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. मग म्हणाले, “ते राहू दे. मुलांचं नुकसान नको. सहाही जणांना वाढीव गुण देऊन पास करू. विषय संपला.”

“मला नकोत,” वकीलबाई म्हणाली.

“काय नको?”

“वाढीव गुण. मला पेपर पुन्हा हवा. वजाच्या चिन्हासकट.”

“बरं. शनिवारी घेऊ. सर वाचून दाखवतील, तू सांग.”

“डोळस मुलांना पेपर कुणी वाचून दाखवतं का? माझा पेपर मी वाचणार.”

साहेबांनी ताईकडे पाहिले. ताई हसू दाबत होती. “शनिवारपर्यंत यंत्र दुरुस्त झालं तर छापा,” साहेब म्हणाले. “नाहीतर सर वाचतील. आणि त्यानंतर हा बाद.” तो सोमवार होता.

मंगळवारी सकाळी साहेबांनी बाहेरून दुरुस्तीवाला बोलावला. तरुण होता, हुशार होता, घाईत होता. त्याने मला बंद केले, उघडले, आतली धूळ उडवली आणि पुन्हा सुरू केले. मी उठलो. हार्ड डिस्क ओळखता आली, एवढे नशीब. मग त्याने माझ्यातला प्रोग्रॅम उचलून कचेरीतल्या नव्या संगणकावर नेला. तिथे जुन्या यंत्राचे सोंग वठवणारी काहीतरी सोय त्याने केली होती. प्रोग्रॅम सुरू झाला आणि पापणी लवायच्या आत बंद पडला. त्याचे असे आहे, की आमचा प्रोग्रॅम सुरू होताना आधी यंत्राचा वेग मोजून घेतो. नव्या संगणकाचा वेग एवढा, की तो आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना. शिवाय ठोक्याची जाडजूड तार लावायला नव्या संगणकाला भोकच नव्हते. दुरुस्तीवाल्याने दिवसभर डोके लावले असते तर त्याला यातूनही वाट सापडली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण त्याला दुसरीकडे जायचे होते. जाताना त्याने माझ्या फायली ‘नीटनेटक्या’ लावून दिल्या आणि मला कचेरीशी जोडणारा एक छोटा प्रोग्रॅम माझ्यात बसवला. कुणी सांगितले होते त्याला!

तो गेल्यावर ताईने माझ्या शेजारचा टेलिफोन उचलला.

“वहिनी, मी बोलतेय. नाही, तब्येत बरी आहे. अगं, तुझा प्रोग्रॅम वजाची चिन्हं खातोय... हो, खातोय. ओळीच्या टोकाची... नाही, मी कुणासमोर तुझं नाव घेतलेलं नाही. पण ते तुझ्या यंत्राला भ्रमिष्ट म्हणाले... हो, या शब्दांत... वहिनी? वहिनी, आहेस का?”

ताईने फोन ठेवला. “काय म्हणाल्या?” शिपायाने विचारले.

“काही नाही. चप्पल शोधत असणार.”

तासाभरात वहिनी दारात हजर. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. पण खुर्ची पुढे ओढायची तऱ्हा तीच.

“वन्सं, चूक यंत्राची नाही, माझी आहे,” बसायच्या आधीच ती म्हणाली. “पूर्वी आपण टाइप करायचो तेव्हा लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडून आडवी रेघ मारायचो. ठिपक्यांत तो शब्द पुन्हा अखंड व्हावा म्हणून मीच लिहिलं होतं, की ओळीच्या टोकाला आडवी रेघ दिसली तर ती काढायची आणि पुढचं चिकटवायचं. वजाचं चिन्हही आडवी रेघच! ते माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“तेव्हा गणित कुठे होतं आपल्याकडे?” ताई म्हणाली.

“नव्हतं. पण चूक ती चूकच. काढू या.”

वकीलबाई दाराशी उभी होती. “कशी काढणार?”

“सोपं आहे गं. रेघेच्या आधी अंक असेल तर हात लावायचा नाही, अक्षर असेल तरच काढायची.”

“आणि बीजगणितात? तिथे वजाच्या आधी अक्षरच असतं.”

वहिनीने मान वर करून तिच्याकडे पाहिले. “कोण गं तू?”

“नापास झालेली.”

“ये इकडे, बस,” वहिनी म्हणाली. मग दोघींनी मिळून ठरवले, की गणिताच्या फाइलच्या पहिल्या ओळीत एक खूण करायची. ती खूण दिसली की आडव्या रेघांना अजिबात हात लावायचा नाही. वहिनीने चार ओळी लिहिल्या आणि कंपायलरला हाक मारली.

पडद्यावर उमटले: फाइल सापडत नाही.

नीटनेटकेपणाचा प्रताप! दुरुस्तीवाल्याने कंपायलरच्या मदतीच्या फायली उचलून ‘जुने सामान’ नावाच्या कप्प्यात टाकल्या होत्या. कंपायलर त्यांच्या जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येत होता. वहिनीने एकेक कप्पा उघडून त्या शोधल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. त्यात मंगळवार गेला.

बुधवारी पुन्हा हाक. पडद्यावर: स्मरणात पुरेशी जागा नाही.

“पूर्वी तर मावायचं,” वहिनी पुटपुटली. माझी स्मरणाची जागा मुळातच तोकडी. एका खोलीत संसार करावा तसे आम्ही तिथे सगळे नांदतो. आता त्या कचेरीच्या जोडणीवाल्या पाहुण्याने तिथे पाय पसरले होते. मी सुरू होतो तेव्हा कुणाकुणाला आत घ्यायचे, याची एक यादी माझ्याकडे असते. वहिनीने ती उघडली, अनोळखी नाव पाहिले आणि खोडले. मला पुन्हा सुरू केले. मोकळे वाटले!

तिसरी हाक. या वेळी एकही तक्रार नाही. तिघींनी टाळ्या वाजवल्या. ठोक्या धडधडला, कागद बाहेर आला, ताईचे बोट तिसऱ्या गणितावर गेले.

“दोनशे आठ,” ताई म्हणाली.

वहिनीने चार ओळी पुन्हा तपासल्या. बदलून पाहिल्या. पुन्हा हाक, पुन्हा तक्रार नाही, पुन्हा दोनशे आठ. गुरुवारी सकाळी तिने मला बंद करून पुन्हा सुरू करूनही पाहिले. दुपारपर्यंत तिचे अकरा प्रयत्न झाले. तिचा चेहरा उतरत गेला. साहेब डोकावून गेले, नुसती मान हलवली. ते बोलले असते तर बरे, असे वाटले.

“वन्सं, माझ्याच्याने नाही होत आता,” वहिनी शेवटी म्हणाली. तिने चष्मा काढून माझ्यावर ठेवला. “ओळी बरोबर आहेत, तरी चालत नाहीत. म्हणजे माझंच काहीतरी सुटतंय. त्यांनी मला टायपिस्ट म्हटलं, ते काय खोटं होतं?”

ताई तिच्याजवळ सरकली. तिच्या हातात ताजा कागद होता. सवयीने तिचे बोट पहिल्या ओळीवर गेले. आमच्या प्रत्येक तपासणीच्या प्रतीवर अगदी वर छापल्याची तारीख असते. सगळ्यांची घाई तिसऱ्या गणिताची, म्हणून दोन दिवस ती ओळ कुणी वाचलीच नव्हती.

“वहिनी, आज तारीख काय?”

“असू दे काहीही.”

“सांग तर. कारण हा म्हणतो आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. तेव्हा तू आमच्या घरात आलीसुद्धा नव्हतीस.”

वहिनीने चष्मा ओढून घेतला. मला तारीख विचारली. मी तेच सांगितले. मला खरोखर तसेच वाटत होते!

इथे दोष माझ्याकडे येतो, मी लपवत नाही. माझ्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. मी बंद असतानाही त्याच्या जोरावर मी दिवस मोजत राहतो. तो कधीच संपला होता. मला कुणी बंद करत नव्हते, म्हणून ते उघडकीला आले नव्हते. दुरुस्तीवाल्याने मला बंद केले आणि मी सगळी वर्षे विसरलो.

“अगं बाई!” वहिनी ओरडली. “म्हणून! हा मी लिहिलेली फाइल आणि तिच्यावरून आधी तयार केलेली फाइल, दोघींच्या तारखा बघतो. लिहिलेली नवी असेल तरच पुन्हा कामाला लागतो. मी आज केलेल्या बदलावर त्याने ऐंशी सालची तारीख घातली. आधी तयार केलेली फाइल त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षं नवी. मग तो म्हणतो, काम झालेलंच आहे, कशाला करू? आणि जुनाच प्रोग्रॅम पुढे करतो!”

“म्हणजे तुमच्या ओळी बरोबर होत्या,” वकीलबाई म्हणाली. “त्याने त्या वाचल्याच नाहीत.”

“वाचल्याच नाहीत!” वहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती.

शिपाई कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल घेऊन आला. वहिनीने मला आजची तारीख सांगितली, ऐंशी सालची खोटी तारीख पडलेली फाइल आजच्या तारखेने पुन्हा जपून ठेवली आणि कंपायलरला हाक मारली. या वेळी मी झटकन परतलो नाही. ओळीमागून ओळ वाचत, घरघरत, पुरे पाऊण मिनिट काम केले. ते पाऊण मिनिट मला माझ्या सगळ्या आयुष्यात सर्वांत अभिमानाचे वाटते.

ठोक्या धडधडला. ताईचे बोट फिरले.

“कंसात वीस,” ती सावकाश म्हणाली. “वजा. आठ.”

शनिवारी नऊच्या नऊ मुले परीक्षेला बसली. पास झालेल्या तिघांनीही पेपर पुन्हा मागितला होता. वकीलबाईने त्यांच्याशी वाद घातला असणार. पुढच्या आठवड्यात ती खोलीत आली ती गुण सांगत. ऐंशीपैकी एकसष्ट. नऊपैकी आठ पास, आणि जो एक नापास झाला तो आपल्याच चुकांनी.

“सातव्या गणितात सरांनी मला अर्धा गुण दिला होता,” ती ताईला म्हणाली. “मी परत केला. तिथे मी घात विसरले होते. ती चूक यंत्राची नव्हती.”

साहेबांनी मला अभय दिले असे समजू नका. त्यांनी मला एक सत्र दिले. ते म्हणाले, “बाई आहेत तोवर ठीक आहे. पण बाईंनंतर याला चालवणार कोण?” प्रश्न वाजवी होता, मला मान्य आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. नव्या गणिताच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रोग्रॅम लिहिणारीचे नाव घालायला त्यांनी सांगितले. वहिनी म्हणाली, “उशिरा का होईना.” एवढेच म्हणाली.

मग ती ताईकडे वळली. “वन्सं, तुम्ही शिका.”

“मी? पडद्यावरच्या चुका मला कोण वाचून दाखवणार?”

“पडदा कशाला हवा?” वकीलबाई म्हणाली. “चुका ठोक्याला सांगू देत की!”

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. तीस वर्षांत हे कुणाला सुचले नव्हते. एका छोट्या हुकुमाने काम झाले. माझे बोलणे पडद्याऐवजी ठोक्याच्या तारेत जाऊ लागले. आता वहिनी दर मंगळवारी येते. बाकीच्या दिवशी ताई माझ्यासमोर बसते, टाइप करते, कंपायलरला हाक मारते आणि हात पुढे करून थांबते. ठोक्या माझी तक्रार कागदावर मारतो, ताई ती बोटाने वाचते. फायली कुठे ठेवायच्या, सुरुवातीची यादी कशी असावी, सेल कधी बदलायचा, हे सगळे वहिनीने लिहून काढले. त्याच्या दोन प्रती आहेत, एक शाईची आणि एक ठिपक्यांची.

मित्रांनो, मला तुमची कणव नको. माझ्यावर फुले ठेवू नका, मला काचेच्या कपाटात ठेवू नका. एखादे जुने यंत्र अडले तर त्याला भ्रमिष्ट म्हणण्याआधी ते काय म्हणते आहे ते वाचा. त्याची तारीख बघा. ज्याने ते चालवले त्याला विचारा, आणि तो सांगेल ते लिहून ठेवा. एवढे करूनही मी एक दिवस उठलो नाही, तर खुशाल मला उचलून बाहेर ठेवा, माझी काही तक्रार नाही. पण मी काम करत असताना मला निकामी म्हणायचे असेल, तर आधी माझ्यासमोर बसून एक गणित छापून दाखवा.

आता मला वेळ नाही. वकीलबाई समोर बसली आहे. ती आलेखाच्या रेषा ठिपक्यांत काढणारा प्रोग्रॅम लिहिते आहे, आणि एकेचाळिसाव्या ओळीत तिने एक कंस उघडा सोडला आहे. हे मी तिला सकाळपासून चार वेळा सांगितले आहे. ती म्हणते, कंस तिथे आहे, मीच आंधळा आहे. म्हणू दे. मी पाचव्यांदा सांगणार आहे.